सात दिवस, एक बेट आणि भरतीची वेळ

"अंदमानला सात दिवस पुरतील का?" समुद्रकाठच्या सुट्टीचा विषय निघाला की घरोघरी हा प्रश्न पहिला येतो. लगेच त्याच्या मागून दुसरा येतो: सात दिवसांत काय काय पाहून होईल? उत्तर देण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. सगळे पाहून यायचे आहे, की पाण्यात डुंबायचे, दुपारी ताणून द्यायची आणि संध्याकाळी वाळूत बसून राहायचे आहे? दोन्ही बेत चांगलेच, पण ते एका आठवड्यात एकत्र बसत नाहीत. हे प्रकरण दुसऱ्या बेताबद्दल आहे. निवांतपणा आपोआप मिळेल असे समजून निघालेली माणसे बहुधा दमून परततात. त्यासाठी थोडा हिशेब आधी करावा लागतो, आणि तो हिशेब सूर्य, चंद्र, वारा आणि बोट यांच्याशी बांधलेला आहे.

उदाहरण म्हणून अंदमान घेण्याचे कारण साधे आहे. विषुववृत्तापासून जेमतेम अकरा-बारा अंश उत्तरेला असलेली ही बेटे खऱ्या अर्थाने उष्ण कटिबंधातली आहेत. नारळ, खारफुटी, प्रवाळ आणि कोमट समुद्र हे सगळे तिथे एकत्र भेटते. पासपोर्ट लागत नाही. लक्षद्वीपला जाण्याआधी परवाना काढावा लागतो, तसा भारतीय नागरिकाला इथल्या नेहमीच्या बेटांसाठी लागत नाही. राजधानी श्री विजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर. स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप ही नावे २०१८ पासूनची आहेत, पण जेटीवर, रिक्षात आणि हॉटेलात तुमच्या कानावर हॅवलॉक आणि नील हीच नावे पडतील. म्हणून पुढे मीही जुनीच नावे वापरतो.

१. चौदा अर्ध्या दिवसांचा हिशेब

सात दिवस म्हणजे सकाळ-दुपार असे चौदा अर्धे दिवस. पहिली सकाळ विमानात जाते. चेन्नई किंवा कोलकात्याहून उड्डाण दोन-सव्वादोन तासांचेच असते, पण पुण्या-मुंबईहून निघालेल्याला आधी तिथवर पोहोचायचे असते. शेवटचा दिवस परतीचा, तो पूर्ण धरा. हे तीन वजा केले की अकरा उरले.

आता बेट बदलण्याचा खर्च. बोट दीड-दोन तासांची असली, तरी सामान बांधणे, हॉटेल सोडणे, तासभर आधी जेटीवर पोहोचणे, उतरल्यावर रिक्षा गाठणे आणि खोली तयार होईपर्यंत बाकावर बसणे हे सगळे धरले की अर्धा दिवस सहज जातो. एकाच बेटावर राहिलात तर एक जाणे आणि एक येणे, म्हणजे दोन अर्धे दिवस. उरले नऊ. हॅवलॉक आणि नील दोन्ही केलेत तर तीन, उरले आठ. त्यात बाराटांगची सहल घातली की दोन गेले, उरले सहा. रॉस आणि नॉर्थ बे यांचा एक दिवस, उरले चार. सेल्युलर जेलला एक, उरले तीन. सात दिवसांची सुट्टी घेऊन समुद्रासाठी दीड दिवस! बहुतेक तयार पॅकेजेस अशीच बांधलेली असतात, आणि ती घेणाऱ्यांची काही चूक नसते. कागदावर आठ ठिकाणांची यादी भरगच्च दिसते, हे खरेच आहे.

माझे मत स्पष्ट आहे. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग चार रात्री एकाच बेटावर, शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. पोहणे, डायव्हिंग, संध्याकाळी जरा वर्दळ हवी असेल तर हॅवलॉक. बरोबर वयस्कर माणसे असतील, सायकलवर अख्खे बेट फिरून व्हावे असे वाटत असेल, तर नील. दोन्ही पाहायचीच असतील तर दोन-दोन रात्री. नीलला एकच रात्र देऊ नये. दुपारी पोहोचून सकाळी निघणाऱ्याला ते बेट भेटतच नाही.

बाराटांग मी आग्रहाने वगळायला सांगतो. पहाटे तीनच्या सुमारास उठून निघावे लागते, हे एक कारण. मोठे कारण असे की तिथे जाणारा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो आणि वाहने ताफ्याने सोडली जातात. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये या रस्त्याचे काही भाग बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी वाहतूक सुरू राहिली. जारवांचा फोटो काढणे, त्यांना खाऊ देणे हा गुन्हा आहे. चुनखडीच्या गुहा पाहण्यासाठी एका जमातीच्या घरातून गाड्यांची रांग नेणे योग्य नाही, असे मला मनापासून वाटते.

२. कधी जावे? दिवाळीत आणि मेअखेर का नको?

मराठी घरांची मोठी सुट्टी दोनदा येते: दिवाळी आणि मे महिना. अंदमानच्या दृष्टीने दोन्ही वेळा अडचणीच्या आहेत, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे पाऊस येतो तो नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा. हे वारे केरळला जून लागताना पोहोचतात, पण त्याआधी ते अंदमानात असतात. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास "मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी आपण दर वर्षी आनंदाने वाचतो. त्या वेळी तिथे सुट्टीला गेलेल्यांच्या बोटी रद्द होत असतात. सप्टेंबर संपला की आपल्याकडे आकाश निवळू लागते, तिथे मात्र वाऱ्याची दिशा फिरते आणि ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात आणि अंदमानच्या समुद्रात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, अधूनमधून चक्रीवादळेही. म्हणजे आपल्या दिवाळीत त्यांचा दुसरा पावसाळा चालू असतो. वर्षभरात तिथे साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याच्या पावसाच्या हा सुमारे चौपट आहे.

राहिले डिसेंबरचा उत्तरार्ध ते एप्रिल. नाताळ ते नववर्ष या दहा दिवसांत खोल्या महाग होतात आणि बोटीची तिकिटे मिळत नाहीत. जानेवारीचा दुसरा आठवडा ते मार्च हा काळ सर्वांत चांगला. फेब्रुवारीपासून समुद्र शांत होत जातो आणि पाणी नितळ होते. शाळकरी मुले घरात असतील तर परीक्षा संपल्याबरोबर, एप्रिलच्या अखेरीस निघावे. उकाडा असतो, पण दुपार सावलीत काढायची तयारी असली तर तो सुसह्य होतो, आणि समुद्र वर्षातला सर्वांत शांत असतो.

३. आपले घड्याळ आणि तिथला सूर्य

भारतभर घड्याळ एकच आहे, सूर्य मात्र सगळीकडे एकदम उगवत नाही. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. मुंबई ७३ अंश पूर्व रेखांशाजवळ आहे, पोर्ट ब्लेअर ९३ अंशांच्या जवळ. वीस अंशांचा फरक, गुणिले चार, म्हणजे ऐंशी मिनिटे. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईत सूर्य सहा-चाळीसच्या सुमारास उगवतो, तर अंदमानात पाच-वीसला. संध्याकाळीही तेच. मार्चमध्ये साडेपाचला आणि जानेवारीत सव्वापाचच्या सुमारास सूर्य पाण्यात जातो. सहाला अंधार.

हा साधा गुणाकार न केल्यामुळे किती सुट्ट्या वाया जातात, याची कल्पना नसते. घरच्या सवयीने आठला उठायचे, नाश्ता करून, आवरून अकराला किनाऱ्यावर जायचे. तोवर सूर्य उगवून साडेपाच तास झालेले असतात आणि तो जवळजवळ डोक्यावर असतो. वाळू पोळते, मुले लाल होतात, सगळे खोलीत परततात. जेवून झोपतात, साडेचारला उठतात, चहा पितात. हॅवलॉकवरच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त पाहायला रिक्षा मिळेपर्यंत तो होऊन गेलेला असतो.

तिथे घड्याळ सूर्याला द्यावे. पाचला उठा, साडेपाच-सहाला पाण्यात. नऊपर्यंत मनसोक्त. मग भरपेट नाश्ता, आंघोळ, पुस्तक. बाराला जेवण आणि झोप. तीनच्या सुमारास चहा आणि साडेतीनला पुन्हा बाहेर. हॅवलॉकच्या जेटीपासून राधानगर बाराएक किलोमीटर आहे. चारला तिथे पोहोचलात तर सूर्यास्ताआधी तासभर पोहायला मिळते. साडेसातला जेवण, नऊला झोप. दोन दिवसांत शरीर हे वेळापत्रक आपणहून पकडते. अंदमानात विश्रांती का मिळते, याचे निम्मे कारण मला तरी या लवकरच्या झोपेत दिसते.

४. पाणी गेले कुठे?

किनाऱ्यालगतची खोली हौसेने घेतली, सकाळी दार उघडले आणि समोर समुद्रच नाही. पाणी दूरवर गेलेले, मध्ये शेवाळलेला खडक आणि चिखलट वाळू. हॅवलॉकच्या पूर्व किनाऱ्यावर, गोविंदनगर आणि विजयनगरला, असा अनुभव रोजचा आहे. तिथे तळ उथळ आणि जवळजवळ सपाट आहे. त्यामुळे पाण्याची पातळी थोडी खाली गेली तरी किनारा खूप मागे हटतो. राधानगर पश्चिमेला आहे. तिथे वाळूचा उतार चांगला आहे, म्हणून ओहोटीतही पोहता येते. 'टाइम' मासिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून राधानगरची निवड केली होती आणि २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग मानांकन मिळाले. पण चांगल्या हॉटेलांपैकी बरीचशी पूर्वेला आहेत. तेव्हा खोली ठरवताना "समुद्र दिसतो का" एवढेच न विचारता "ओहोटीला समोर पोहता येते का" हे विचारावे.

भरती-ओहोटी चंद्रामुळे, हे आपण शाळेत शिकलो. बेत आखायला त्यातल्या दोनच गोष्टी लागतात. पहिली: चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज पन्नास मिनिटे पुढे सरकते. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आत-बाहेर. दुसरी: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकाच रेषेत येते आणि उधाण येते. पाणी खूप चढते, तेवढेच खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी.

कोकणातल्या दर्यावर्दी माणसांकडे याचे जुने गणित आहे: तिथीला पाऊणने गुणायचे, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. षष्ठीला साडेचार. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, चंद्राच्या त्या पन्नास मिनिटांच्या अगदी जवळ. पंचांग आणि तोंडी हिशेब एवढ्यावर आपल्या लोकांनी होड्या हाकल्या आहेत. मात्र हे गणित मुंबई-कोकणच्या किनाऱ्यापुरते. अंदमानला रोजचा फरक तोच, पण सुरुवातीची वेळ वेगळी. म्हणून तिथे पोहोचल्यावर हॉटेलात किंवा डायव्हिंगवाल्यांकडे त्या दिवसाची भरतीची वेळ विचारायची आणि पुढचे आपण मोजायचे.

समजा, मंगळवारी सकाळी आठला पूर्ण भरती आहे. मग ओहोटी दुपारी सव्वादोनच्या सुमारास. बुधवारी भरती आठ-पन्नासला, ओहोटी तीन-पाचला. गुरुवारी नऊ-चाळीस आणि चारला पाच कमी. शुक्रवारी साडेदहा आणि पावणेपाच. आता बेत आपोआप जुळतो. मंगळवार-बुधवारी सकाळी पूर्वेच्या किनाऱ्यावर पाणी भरलेले असेल, तेव्हा हॉटेलसमोरच पोहा आणि दुपारनंतर राधानगरला जा. नीलला जायचे असेल तर गुरुवारी-शुक्रवारी जा. तिथल्या लक्ष्मणपूर क्रमांक दोनला प्रवाळखडकाची एक नैसर्गिक कमान आहे. बेटावर बंगाली वस्ती, त्यामुळे तिचे नाव हावडा ब्रिज. तिथवर चालत जाता येते ते ओहोटीलाच. शुक्रवारी पावणेचारला निघालात तर उतरते पाणी, उतरते ऊन आणि परतायला पुरेसा उजेड हे सगळे एकत्र मिळते. भरतपूरच्या किनाऱ्यावर स्नॉर्केलिंग करायचे असेल तर त्याच दिवशी सकाळी, भरतीच्या आसपास.

ओहोटीत पोहता येत नाही म्हणून हिरमुसू नये. या वेळी उघडा पडलेला खडक हे अंदमानचे सर्वांत मोठे संग्रहालय आहे आणि त्याला तिकीट नाही. जाड तळव्याच्या चपला घालून हळू चालावे. खडकातल्या डबक्यांशी उकिडवे बसावे आणि दोन मिनिटे हलू नये. आधी काहीच दिसत नाही. मग तळाचा एक करडा तुकडा सरकतो, तो मासा असतो. रिकामा वाटणारा शंख पाय काढून चालू लागतो, कारण आत दुसऱ्याच्या घरात राहणारा खेकडा असतो. काळी, जाडजूड समुद्रकाकडी वाळू गिळत पडून असते. ती वाळूतला जैविक कचरा खाते आणि स्वच्छ वाळू मागे टाकते. पलीकडे ओल्या वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल. बिळाच्या तोंडापासून निघून ती चहूबाजूंनी फाकत जाते. नखाएवढ्या कुर्ल्या वाळू तोंडात घेतात, तिच्यातले खाद्य काढून घेतात आणि उरलेल्या वाळूचा गोळा करून बाजूला ठेवतात. पाऊल वाजले की सगळ्या एकदम बिळात, थांबून राहिलात की एकेक करून परत वर. सहा-सात वर्षांची मुले इथे तासभर खिळून बसतात. पुढच्या भरतीत ही नक्षी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीत कामाला पुन्हा सुरुवात होते.

चंद्राचा आणखी एक उपयोग. रात्री तारे भरभरून पाहायचे असतील, खारफुटीच्या पाण्यात वल्हे मारताना सूक्ष्मजीवांचा निळसर उजेड पाहायचा असेल, तर अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडावेत. चांदण्यातला समुद्र हवा असेल तर पौर्णिमा. दोन्ही वेळा उधाण असते, हे मात्र लक्षात ठेवावे.

५. आधी बोट, मग खोली

आरक्षण करताना लोक विमान, मग हॉटेल आणि शेवटी बोट या क्रमाने जातात. अंदमानात हा क्रम बदलावा: विमान, बोट, हॉटेल. खोल्या पुष्कळ आहेत, बोटी मोजक्या. सरकारी बोटी स्वस्त, पण त्या मुळात बेटावरच्या लोकांसाठी आहेत. तिथला शिक्षक, भाजीवाला, दवाखान्यात निघालेली बाई यांना दुसरा रस्ताच नाही. खासगी बोटी वेगवान, वातानुकूलित आणि महाग. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याच्या तासभर आधी घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर ती फारसे काम करत नाही. सकाळी रिकाम्या पोटी निघू नये, तेलकटही खाऊ नये. जागा शक्यतो बोटीच्या मध्यभागी घ्यावी, तिथे हेलकावे कमी बसतात.

वारा वाढला की बोटी रद्द होतात. कुणाशी भांडून उपयोग नसतो, कारण हा निर्णय सुरक्षेचा असतो. यावर उपाय एकच: विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्ये असणे. सकाळची बोट घेऊन दुपारचे विमान पकडण्याचा बेत हवा चांगली असेल तर जमतो, पण हवामानाचा अंदाज महिनाभर आधी कळत नाही आणि तिकीट मात्र तेव्हाच काढावे लागते. ही शेवटची रात्र पर्यटनासाठी धरूच नये. ती विम्याची रात्र आहे.

पोर्ट ब्लेअरमधले जे पाहायचे ते म्हणून पहिल्याच दुपारी पाहावे, शेवटावर टाकू नये. मराठी माणसासाठी सेल्युलर जेल ही यादीतली एक नोंद नव्हे. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाला मधल्या मनोऱ्यापासून निघणाऱ्या सात शाखा होत्या. आज तीन उभ्या आहेत. विनायक दामोदर सावरकर इथे १९११ मध्ये आणले गेले आणि १९२१ पर्यंत होते. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून इथेच कैदेत होते. सावरकरांचे 'माझी जन्मठेप' निघण्यापूर्वी घरातल्या एकाने तरी वाचावे आणि बाकीच्यांना सांगावे. कोलू म्हणजे तेलाचा घाणा, वरच्या मजल्यावरची सावरकरांची ती कोठडी आणि एका शाखेतून दुसरीची फक्त पाठच दिसेल अशी रचना, हे सगळे मग नीट कळते. संध्याकाळी ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम असतो. त्याचे तिकीट आधी काढून ठेवावे.

६. पाण्याखाली जायचे तर

पोहता येत नाही म्हणून पाण्याखालचे जग पाहायचे राहू नये. स्नॉर्केलिंगमध्ये चष्मा आणि श्वासनळी लावून पाण्यावर पालथे तरंगत खाली पाहायचे असते. लाइफ जॅकेट असते आणि वाटाड्या सोबत राहतो. हॅवलॉकवर एलिफंट बीच यासाठी प्रसिद्ध आहे. २००४ च्या त्सुनामीत उन्मळलेली मोठी झाडे तिथल्या वाळूत अजून पडलेली दिसतात. सकाळच्या पहिल्या बोटींनी जावे, दहानंतर गर्दी होते. स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली जाणे. नवशिक्याला प्रशिक्षक धरून नेतो, तेही फार तर बारा मीटरपर्यंत. दहा वर्षांवरील निरोगी मुलांनाही नेतात. दमा, हृदयविकार किंवा कानाचे दुखणे असेल तर ते लपवू नये.

डायव्हिंग आणि विमान यांच्यात अंतर हवे, आणि त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. दहा मीटर खाली दाब पृष्ठभागापेक्षा दुप्पट होतो. या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत जास्त विरघळतो. हळूहळू वर आलात की तो फुप्फुसांतून सावकाश निघून जातो. पण विमानातल्या हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी, जवळपास दोन हजार मीटर उंच डोंगरावर असावा तेवढा असतो. शरीरात नायट्रोजन शिल्लक असताना तिथे गेलात, तर बूच उघडलेल्या सोड्याच्या बाटलीत होते तेच रक्तात होते. आत गुपचूप विरघळलेला वायू बुडबुडे होऊन बाहेर पडतो. सांध्यांत वेदना, चक्कर, क्वचित पक्षाघातही. म्हणून डायव्हिंगनंतर निदान अठरा तास, शक्यतो पूर्ण चोवीस तास विमानात बसू नये. आपल्या बेतात डायव्हिंगचा दिवस तिसरा किंवा चौथा.

खाली जे दिसते ते प्रवाळ खडकासारखे भासले तरी असंख्य बारीक प्राण्यांची ती वस्ती आहे. त्यांच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते. ते उन्हापासून अन्न बनवते आणि यजमानालाही देते. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जरी कित्येक आठवडे तापलेले राहिले, तर हे नाते तुटते. शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. अंदमानात २०१० मध्ये असे मोठ्या प्रमाणावर झाले, २०१६ मध्येही झळ बसली. जे वाचले आणि जे सावरते आहे, त्याच्यावर आपला पाय पडू नये. दमलात तर तरंगा, खाली उभे राहू नका. अंगाला क्रीम फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. पाठ भाजत नाही आणि क्रीममधली रसायनेही पाण्यात जात नाहीत.

दोन धोके सांगायलाच हवेत. पाण्याची ओढ हा पहिला. लाटा फुटताना मधल्या एखाद्या पट्ट्यात पाणी शांत दिसते. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. लाटांनी आणलेले पाणी परत समुद्राकडे जाते ते बहुधा याच वाटेने. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या, मग लाटाच तुम्हाला आणतील. दुसरा धोका खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा. त्या खाड्यांच्या मुखाशी आणि खारफुटीत असतात. २०१० मध्ये राधानगरजवळच्या एका खाडीसारख्या भागात एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. फलक लावले आहेत तिथे उतरू नये, जीवरक्षक आहेत तिथेच आणि त्यांच्या वेळेतच पोहावे. अंधारात तर नाहीच.

७. पैसा, फोन, ताट, पिशवी

चेन्नई ते अंदमान समुद्रतळाची ऑप्टिकल फायबर केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. त्याआधी बेटांचा सगळा संपर्क उपग्रहावर होता. आता फोन चालतो, पण लहान बेटांवर तो चालायचा थांबतोही, आणि मग फोनवरून पैसे देणेही थांबते. एटीएम थोडी आहेत. चार दिवसांची रोकड पोर्ट ब्लेअरमध्येच काढून ठेवावी. घरच्यांना आधीच सांगून जावे की एखादा दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका.

हॅवलॉक आणि नील इथली बरीचशी कुटुंबे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन वसलेली आहेत. त्यांनी जंगल साफ करून भातशेती उभी केली आणि गावांना राधानगर, सीतापूर, भरतपूर अशी नावे दिली. म्हणून ताटात मोहरीच्या वाटणातले मासे, डाळ-भात, पालेभाजी असते. शाकाहारी माणसाचीही आबाळ होत नाही, कारण नील हे या बेटांचे भाजीचे आगर आहे. हॉटेलच्या भोजनगृहापेक्षा बाजारातल्या छोट्या खाणावळीत जेवावे. सकाळी काय आले ते विचारून तेच मागवावे. मासा ताजा मिळतो आणि पैसा त्याच गावात राहतो.

पिशवीत फार काही नको. सुती कपडे, दोन पोहण्याचे पोशाख, जाड तळव्याच्या चपला, टोपी, नेहमीची औषधे. किनाऱ्यावर उजाडताना आणि दिवेलागणीला बारीक सँडफ्लाय चावतात, त्यांची खाज मच्छरापेक्षा जास्त टिकते. त्या वेळी पाय झाकावेत आणि थेट वाळूत न पहुडता चटईवर बसावे. पाण्याची बाटली घरूनच न्यावी आणि पुन:पुन्हा भरावी. बेटावरचा प्लॅस्टिकचा कचरा शेवटी बोटीनेच परत न्यावा लागतो किंवा तिथेच साचतो.

परतीच्या बोटीत बसण्याआधी मुलांचे खिसे आणि बॅगांचे कोपरे एकदा तपासावेत. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा उचलून आणणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, बऱ्याच शंखांनाही तोच नियम आहे, आणि विमानतळावरच्या तपासणीत या गोष्टी काढून घेतात. मुलांना हे पहिल्या दिवशीच समजावून सांगावे. रिकामा दिसणारा शंख उद्या एखाद्या खेकड्याला घर म्हणून लागणार आहे, हे ऐकल्यावर बहुतेक मुले तो स्वतःच परत ठेवतात. दुकानातून शंखांची वस्तू घेतलीत तर पावती हातातल्या बॅगेत ठेवावी. ती मागितली जाते.